चंदीगडची खुर्ची सुताराकडून करून घेताना

दोन्ही बाजूंना उलट्या व्हीसारखे जाड सागवानी पाय, मध्ये वेताची बैठक, वेताचीच पाठ आणि सपाट, लांबट हात. ही खुर्ची तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असणार. कॅफेत असते, घरसजावटीच्या चित्रांत असते, फोनवर तर रोज दिसते. बरेच जण तेच चित्र सुताराला दाखवतात आणि म्हणतात, "अगदी अशीच पाहिजे." सुतार करूनही देतो. दिसायला तशीच दिसते, पण पहिला उन्हाळा गेला की हातावर जोर देऊन उठताना कुरकुरते, आणि पावसाळ्यात बैठकीला झोळ पडतो. माझ्या पहिल्या खुर्चीचं हेच झालं. दुसरी खुर्ची मात्र आज सहा वर्षं रोजच्या वापरात आहे. दोन्ही एकाच सुतारानं केल्या. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी आम्ही दोघांनी आधी ती खुर्ची उभी कशी राहते ते समजून घेतलं.

ही खुर्ची मुळात साध्या सुताराच्या हातून व्हावी म्हणूनच काढलेली आहे. त्यामुळे गल्लीतला चांगला सुतार ती उत्तम करू शकतो. त्याला नेमकं काय सांगायचं आणि कुठे आग्रह धरायचा, ते क्रमानं सांगतो.

पायरी १ : खुर्ची कुणाची आणि अशी का

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारताकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीचं, म्हणजे चंदीगडचं काम स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. पण ते वर्षातून दोनदा येऊन जायचे. तिथे मुक्काम ठोकून राहिले ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे. १८९६ साली जिनिव्हात जन्मलेला हा वास्तुविशारद १९५१ मध्ये चंदीगडला आला आणि तब्येत ढासळल्यावर, १९६५ मध्येच परत गेला. १९६७ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा सुखना तलावात सोडली गेली. ज्या गावासाठी आयुष्याची चौदा वर्षं दिली, त्याच गावात त्यांना शेवटी यायचं होतं. ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही इमारतीइतकीच मोठी वाटते.

सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, सरकारी घरं असं सगळं थोड्या वर्षांत उभं राहत होतं, आणि प्रत्येक खोलीत बसायला-लिहायला काहीतरी हवं होतं. हेच जानरे १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये कॉर्बुझिए आणि फ्रेंच डिझायनर शार्लोत पेरियाँ यांच्यासोबत स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्या करत होते. पंजाबात हाताशी काय होतं? सागवान, शिसव, वेत आणि सुतार. त्यांनी तेवढ्यावरच भागवलं. यूली चौधरी आणि इतर तरुण भारतीय वास्तुविशारद त्या कामात होते, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या जानरेंच्या नावावर मांडणं बरोबर नाही. खुर्च्या एका कारखान्यात झाल्या नाहीत. नकाशे वेगवेगळ्या सुतारकामाच्या शेडमध्ये गेले आणि प्रत्येकानं आपल्या हाताप्रमाणे केल्या. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन जुन्या खुर्च्या शेजारी ठेवल्या तर हात कुठे बोटभर रुंद, पाय कुठे थोडे बारीक, असं दिसतं.

याचा आपल्याला उपयोग असा की "अस्सल माप" शोधत बसू नका. ते एकच एक असं नाहीच.

पायरी २ : जमलं तर एकदा जाऊन पाहा

सेक्टर ५ मधलं ५७ नंबरचं घर, जिथे जानरे राहत, तिथे आता त्यांचं संग्रहालय आहे. सेक्टर १९ मधलं त्यांचं जुनं कार्यालयही ल कॉर्बुझिए केंद्र म्हणून बघायला मिळतं. पंजाब विद्यापीठातलं गांधी भवन ही जानरेंचीच इमारत. तळ्यात उमललेल्या फुलासारखी दिसते. सचिवालय, उच्च न्यायालय आणि विधानसभा जिथे आहेत तो कॅपिटॉल कॉम्प्लेक्स २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे नोंदणी करून, मार्गदर्शकासोबत जावं लागतं. ओळखपत्र जवळ ठेवा.

खुर्ची पाहताना समोरून पाहू नका. बाजूला जा आणि गुडघ्यावर बसा. संग्रहालयातल्या वस्तूला हात लावायचा नसतो, पण खालून बघायला कुणी अडवत नाही. आडवी पट्टी पायात कुठे शिरते, वेताची भोकं चौकटीच्या कडेपासून किती आत आहेत, पाठीची चौकट हाताला कुठे टेकते, ही तीन उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. जुन्या खुर्च्यांवर ठशानं रंगवलेली अक्षरं आणि आकडेही दिसतात. ते त्या त्या कचेरीच्या सामानाच्या नोंदवहीतले क्रमांक आहेत.

त्या अक्षरांबद्दल एक इशारा. एकेकाळी याच खुर्च्या निकामी सामान म्हणून कचेऱ्यांनी लिलावात काढल्या. गच्चीवर पावसात ढीग पडलेले असायचे. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस, लंडन, न्यू यॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखांच्या बोली लागल्या. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयानं हे वारसा सामान विकण्यावर आणि बाहेर नेण्यावर बंदी घातली. पण आपला पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागू होतो आणि या खुर्च्या तेवढ्या जुन्या नाहीत, त्यामुळे जे बाहेर गेलं ते परत आणणं अवघड झालं आहे. तेव्हा कुणी "चंदीगडची अस्सल, नंबरासकट" म्हणून खुर्ची विकायला आणली तर घेऊ नका. ती खरी असेल तर ती तिथून बाहेर कशी आली हा प्रश्न आहे, आणि खोटी असेल तर तो नंबर काल रंगवलेला आहे. आपण करून घेऊ तिच्यावरही असा ठसा मारू नका. आपली खुर्ची आपल्या सुताराची असते. त्याचं नाव आणि साल बैठकीखाली पेन्सिलनं लिहून घ्या. मी तसं करतो.

पायरी ३ : पहिल्यांदा कोणती करावी

नमुने पुष्कळ आहेत. कात्रीसारख्या पायांची बुटकी आरामखुर्ची, ग्रंथालयातली बिनहाताची, आणि बाजूनं झेडसारखी दिसणारी, जिला कांगारू म्हणतात ती. नवख्यानं सुरुवात हातांच्या ऑफिस खुर्चीनं करावी. तिची बाजू म्हणजे एक सपाट ए आहे: दोन तिरके पाय, मध्ये आडवी पट्टी, वर हात. सगळा अवघडपणा त्या सपाट बाजूत असतो. दोन ए नीट झाले की त्यांच्यामध्ये बैठक आणि पाठ बसवायची. कांगारू दिसायला सोपी वाटते, पण बसणाऱ्याचं सगळं वजन तिच्या कोनांतल्या सांध्यांवर येतं. ती नंतर.

पायरी ४ : मापं आणि फर्मा

चित्रावरून मापं काढू नका, घरातल्या माणसांवरून काढा. रद्दीचे गठ्ठे भिंतीशी रचा आणि ज्यांना त्या खुर्चीत बसायचं आहे त्यांना त्यावर बसवा. तळपाय पूर्ण टेकले आणि मांडीखाली दाब आला नाही, की ती बैठकीची उंची. आमच्याकडे ती ४३ सेंमी आली. बाकीची मापं सुरुवात म्हणून अशी धरा: बैठकीची खोली ४५, रुंदी ५० सेंमी, हाताची उंची जमिनीपासून ६४, एकूण उंची ८०च्या आसपास. बैठक मागे अडीच-तीन सेंमी उतरती ठेवा. हा उतार विसरला की माणूस पुढे घसरत राहतो आणि दोष मात्र वेताला देतो.

आता एका बाजूचं चित्र खऱ्या मापात ६ मिमी प्लायवर काढा. कागदावर नको, कारण कागद ओढला जातो आणि कोन बदलतो. पायांत साधारण चाळीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन येईल. प्लायवरून पायाचा फर्मा कापा आणि चारही पाय त्याच एका फर्म्यावरून आखायला सांगा. सुतार म्हणेल, "एक पाय झाला की त्यावरून दुसरा मारतो." तिथे ठाम राहा. पायावरून पाय मारला की चौथ्यापर्यंत दोन-तीन मिमी सरकतात, आणि खुर्ची डुगडुगते.

पायरी ५ : लाकूड

अशा एका खुर्चीला नासधूस धरून साधारण एक घनफूट सागवान लागतं. वखारीत गेलात की दोन-तीन प्रकार दाखवतील. बल्लारशाचं सागवान महाग, पण रेघा दाट आणि वजन हाताला लगेच कळतं. आयात सागवान बहुधा स्वस्त पडतं. लागवडीतलं, कमी वयाचं असलं तर पोत सैल असतो. माझं मत विचाराल तर जुन्या वाड्याच्या किंवा चाळीच्या पाडकामातली तुळई मिळाली तर तीच घ्या. पन्नास-साठ वर्षं छपराखाली सुकलेलं लाकूड आता सहसा वाकत नाही. मात्र चिरण्याआधी आतले खिळे काढून घ्या, नाहीतर पात्याचे दात जातात आणि वखारवाला पुढच्या वेळी दारात उभं करत नाही.

पांढरट, सालीकडचा भाग पायांत येऊ देऊ नका. कीड आधी तिथे शिरते. आणि नवं लाकूड असेल तर कापून, ढोबळ माप काढून, तीन आठवडे सावलीत मध्ये पट्ट्या ठेवून रचून ठेवा. माझ्या पहिल्या खुर्चीत आम्ही हे टाळलं होतं. दिवाळीआधी हवी म्हणून घाई केली, आणि मार्चमध्ये बैठकीची मागची पट्टी पिळून निघाली.

पायरी ६ : बाजूचा ए

इथे सुताराच्या शेजारी बसा. शक्य असेल तर पूर्ण दिवस बसा.

पहिली गोष्ट, लाकडाची रेघ, म्हणजे तंतूंची दिशा, पायाच्या लांबीनं धावली पाहिजे. काही जण लाकूड आणि मजुरी वाचवायला एका रुंद फळीतून अख्खा उलटा व्ही कापतात. दिसतं छान, पण निदान एका पायात रेघ तिरकी जाते, आणि जोरानं मागे रेललं की तो पाय तिथून उभा फुटतो. दोन पाय वेगळेच हवेत, वर कोनात जोडलेले.

दुसरी, आडवी पट्टी पायांना स्क्रूनं नको. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी बारीक जीभ, काढायचं आणि पायात खाच पाडून त्यात ते बसवायचं. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. पाय साडेतीन सेंमी जाड असेल तर कुसू बारा मिमीच्या आसपास. पाय तिरका असल्यामुळे कुसवाचा खांदाही, म्हणजे पायाला बाहेरून टेकणारी पट्टीची कडही, तिरकी कापावी लागते, आणि नेमकं इथेच काम बिघडतं. काटकोन तपासायच्या साध्या गुण्यानं हे होत नाही. हलता बेव्हल गुण्या फर्म्यावर लावून कोन घट्ट करायचा आणि तोच कोन चारही खांद्यांवर उतरवायचा. आमच्या सुतारानं खांदा करवतीनं एक केस मोठा ठेवला आणि मग पटाशीनं छिलत आणला. कुसू खाचेत शिरताना हातोडी लागली नाही. तळहातानं दाबलं तसं "फस्स" करून आतली हवा बाहेर आली आणि खांदा पायाला असा चिकटला की मध्ये कागद जाईना. तो आवाज आला की समजा सांधा जमला. हातोडीनं ठोकून बसवावा लागत असेल तर खाचेच्या कडा फुटतील. दाबताच सैल सरकत असेल तर नुसत्या गोंदावर भिस्त राहील.

वरचा कोनही असाच: दोन्ही पाय एकमेकांना जिथे भेटतात तिथे आत आडवी खुंटी, आणि वरून हात बसतो तो पायांच्या टोकांवर काढलेल्या कुसवांवर. गोंद लावण्याआधी दोन्ही बाजू कोरड्या जोडून एकमेकींवर पालथ्या ठेवा. कुठेही बाहेर डोकावता कामा नये. मग गोंद, क्लॅम्प, आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सांध्यातून ८ मिमीचं भोक पाडून लाकडी खुंटी मारा. खुंटी सागवानाची किंवा शिसवीची. शिसवीची असली तर गडद ठिपका दिसतो. मला तो लपवावासा वाटत नाही.

पाय खाली निमुळते करायचे ते सांधे झाल्यावर, रंध्यानं. आधी केले तर क्लॅम्पला पकडायला सरळ कड राहत नाही.

दोन्ही बाजू, समोरची आणि मागची आडवी पट्टी जोडून झाली की खुर्ची स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा. फरशी सपाट असतेच असं नाही, कडप्पा बहुतेक वेळा असतो. कोपऱ्यांवर बोटानं दाबा. टक् असा आवाज आला तर जो पाय लांब आहे त्याखालून पॉलिश पेपर ओढत घासायचं. पाय कापायची घाई नको.

पायरी ७ : वेत

बैठक आणि पाठ या दोन सुट्या चौकटी करून घ्या, आतून स्क्रूनं बसणाऱ्या. सांध्यात मी स्क्रू नको म्हणतो, पण इथे हवाच, कारण दहा-बारा वर्षांनी वेत बदलताना अख्खी खुर्ची उचलून न्यायची गरज पडत नाही.

बाजारात विणलेली तयार जाळी मीटरवर मिळते. ती चौकटीच्या खोबणीत दाबून वर पट्टी ठोकली की तासाभरात काम होतं. पाठीला चालेल. बैठकीला मी हातानंच विणून घेतो. तयार जाळीची एक पट्टी कडेला तुटली की सगळी जाळी खोबणीतून निघायला लागते. हातानं विणलेल्या बैठकीत प्रत्येक पट्टी आपापल्या भोकात घट्ट असते, आणि एक तुटली तर तेवढीच बदलता येते.

चौकटीला आतल्या कडेपासून सव्वा सेंमी अंतरावर ५ मिमीची भोकं, दोन भोकांत सव्वा सेंमी. ४५ सेंमीच्या बाजूला पस्तीसेक भोकं येतात. समोरासमोरच्या बाजूंवर भोकांची संख्या सारखी आलीच पाहिजे, म्हणून ड्रिल लावण्याआधी पेन्सिलनं मोजून खुणा करा. भोकांच्या कडा आतून पॉलिश पेपरनं गोल करा; धारदार कडेवर वेत पहिल्याच वर्षी कापला जातो.

वेताचा कारागीर शोधायला थोडं फिरावं लागेल. बुरूड आळीत बांबूचं काम होतं, खुर्चीची जाळी विणणारा माणूस बहुधा वेगळा असतो. आपल्याकडे अंध शाळांमधून हे काम वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, आणि सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत खुर्च्या विणायच्या कामावर अंध कारागीर असत. माझी बैठक अशाच एका काकांनी विणली. त्यांनी आधी चौकटीवरून बोटं फिरवून भोकं मोजली आणि म्हणाले, "डावीकडे एक जास्त आहे." खरंच होतं. सुताराकडून आणि माझ्याकडूनही ते सुटलं होतं.

विणायच्या आधी वेताच्या पट्ट्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवतात. नंतर सात फेरे: आधी उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या, पुन्हा उभ्या, मग आडव्या पण या वेळी खालून-वरून गुंफून, मग एक तिरकी दिशा, मग दुसरी तिरकी, आणि शेवटी भोकं झाकणारी कडेची पट्टी. पट्टीची चकचकीत बाजू कायम वर. काका प्रत्येक पट्टी ओढून भोकात लाकडी खुंटी ठोकायचे आणि मग नखानं ती पट्टी छेडायचे. तार छेडावी तसा बारीक आवाज यायचा. ढिली वाटली की खुंटी काढून पुन्हा ओढायचे. तिरक्या पट्ट्या गेल्यावर चौकोनी भोकं आठकोनी होतात आणि सगळी जाळी एकदम ताठ होते. एक बैठक विणायला दीड दिवस लागला.

प्लास्टिकची पट्टी स्वस्त आणि टिकाऊ म्हणून कुणी सुचवेल. उन्हाळ्यात तिच्यावर अर्धा तास बसून बघा, पाठ चिकटते. चंदीगडच्या उन्हाळ्यात घामेजलेल्या पाठीला वारा लागतो तो या जाळीतून.

पायरी ८ : पॉलिश आणि निगा

पॉलिश विणण्याआधी करा, नंतर केलं तर वेतावर डाग पडतात. चकचकीत मेलामाइन नको. या खुर्चीवर ते परकं दिसतं, आणि ओरखडा पडला की सगळं खरवडावं लागतं. जवसाचं तेल कापडानं दोन-तीनदा पातळ चोळून, वर थोडं मेण. तेलाचे बोळे उघड्यावर पसरून वाळवा, चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतात.

वेताला पॉलिश लावू नका. त्याला अधूनमधून पाणी लागतं. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला खुर्ची उलटी करा आणि बैठकीच्या खालच्या बाजूवर ओलं फडकं फिरवा. खालची बाजू पाणी पिते, वरची चकचकीत बाजू पीत नाही. मग सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दिवसभर ठेवा आणि त्या दिवशी कुणाला बसू देऊ नका. संध्याकाळी नखानं पट्टी छेडून पाहा. झोळ गेलेला असतो आणि तो बारीक आवाज परत येतो.